गॅलरीतली मिरची : नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीवर चार मिरच्या फुकट टाकतात, ही गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका. कुंडी, माती, खत आणि ती माती चार मजले वर आणणाऱ्याचा चहा असा हिशेब मांडलात, तर हा छंद पहिल्याच महिन्यात आटोपेल.

बी विकत आणायची घाई नको. डब्यातली उन्हात वाळवलेली, फार जुनी नसलेली लाल मिरची मोडा, बी झाडून घ्या. रंग हवा तर बेडगी, घाम फुटायला हवा तर लवंगी. त्यानंतर डोळे चोळू नका. ही सूचना सगळे वाचतात आणि सगळेच डोळे चोळतात.

बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. चौथ्या दिवशी माती उकरून ‘आलं का?’ बघणं हा नवशिक्याचा जन्मसिद्ध हक्क असला, तरी तो बजावू नका. रोपाला पाच-सहा पानं आली की बारा इंची कुंडीत हलवा. कुंडीच्या तळाला भोक हवंच. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार येईल. ती पावती समजा.

पाणी घालायचा अधिकार घरात एकालाच द्या. आजोबा सकाळी, आई दुपारी आणि चिरंजीव शाळेतून आल्यावर, असं तिघांनी प्रेम केलं की मुळं कुजतात. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. खताचंही तेच. नत्र जास्त झालं की झाड छातीएवढं होतं, पाहुणे कौतुक करतात आणि मिरची एक लागत नाही.

आता खरी परीक्षा, चुरडा-मुरडा. पानं आक्रसली की अख्खी सोसायटी वैद्य होते. कुणी आंबट ताक सांगेल, कुणी हिंगाचं पाणी, कुणी दृष्ट काढायला. तुम्ही आधी पान उलटं करा. कडा वर वळून पानाची वाटी झाली असेल तर बहुधा फुलकिडे. खाली वळल्या असतील तर कोळी. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा, मुख्यतः पानांच्या खालून. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर मात्र ताक, तेल आणि दृष्ट तिन्ही निकामी. झाड उपटा. हळहळ नंतर.

ढोबळीचा मोह प्रत्येकाला होतो. तिला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो, त्यामुळे पुणे-नाशिककरांनी ऑगस्ट-सप्टेंबरात बी टाकून नशीब अजमावावं. मुंबईच्या उकाड्यात ती फुलं गाळून निषेध नोंदवते. हिरवी ढोबळी म्हणजे कच्चं फळ; झाडावर राहू दिलीत तर जातीप्रमाणे लाल किंवा पिवळी होते. एवढा धीर कुणाच्या घरात असतो, मला माहीत नाही. शेजारी लवंगी लावली म्हणून ढोबळी तिखट होत नाही. परागाचा परिणाम आतल्या बियांवर होतो, म्हणजे तिखटपणाचं भांडण झालंच तर पुढच्या वर्षी, ते बी पेरल्यावर.

मिरची लागल्यावर पक्षी येतील. मिठू मिरची खातो तो शूर म्हणून नव्हे. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही. तुम्हाला जाणवेल. तो बियांत नसून बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या भागात असतो, तेव्हा मुलांच्या भाजीत घालताना तो खरवडून काढा.

पहिली मिरची फोटोसाठी झाडावर जपून ठेवू नका. फळं पिकत राहिली की नवी फुलं कमी येतात. तोडत राहाल तर झाड देत राहील. कात्रीने देठासकट कापा, ओढलीत तर फांदी हातात येते. आणि जिभेला झोंबलीच तर पाण्याकडे धावू नका, दही खा.