योजनावाले साहेब

मार्च संपत आला की हेड ऑफिसातून योजनावाले साहेब निघतात. बगलेत लॅपटॉप, खिशात लाल ठिपका पाडणारा पॉइंटर, ओठांवर ‘सगळ्यांना दिसतंय ना?’. माल बनवणं, पोचवणं, विकणं ही इतरांची कामं. साहेबांचं काम कंपनीची वार्षिक योजना कर्मचाऱ्यांना ‘समजावून सांगणं’. ही जमात सर्वत्र आढळते. इथला नमुना पुण्याचा, आणि त्याची यंदाची फेरी कोलकात्याच्या बागबाजारातली.

शाखेजवळच्या गल्लीवर ‘मराठा डिच लेन’ अशी पाटी. साहेबांची छाती फुगली. ‘आपली माणसं इथवर पोचली होती!’ असं लिहून त्यांनी पाटीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाही. डिच म्हणजे खंदक, आणि तो आपल्याच माणसांना बाहेर ठेवायला खणला होता, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पाहुण्याचा हिरमोड कशाला करा?

1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालात उतरले आणि कलकत्त्याची झोप उडाली. शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायचं ठरलं, सुरुवात उत्तरेला बागबाजारपासून. ही खरी कंपनीची योजना, तीही ईस्ट इंडिया कंपनीची. का? मराठे येताहेत. काय करायचं? खणायचं. खर्च कोणाचा? तुमचा. कंपनीने 25,000 रुपयांची उचल दिली आणि परतफेड शहरातल्या शेठ-सावकारांच्या गळ्यात घातली. एवढं स्वच्छ सादरीकरण त्यानंतर कुठल्या कंपनीने केलं असेल, शंकाच आहे.

सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाले. मराठे काही कलकत्त्याला आले नाहीत, तेव्हा लोकांनी कुदळी ठेवल्या. 1756 मध्ये आला तो सिराजउद्दौला. बागबाजारला त्याचा पहिला हल्ला परतवला गेला, मग तो दुसऱ्या बाजूने शहरात शिरला. पुढे 1799 मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला.

साहेबांच्या योजनेत का, काय आणि कोणाच्या खिशातून, हे शोधायला मात्र 52 स्लाइडी पार कराव्या लागतात. पहिलीवर सूर्योदय. दुसरीवर शिखरावर उभा गिर्यारोहक, त्याचा कंपनीच्या पाइपांशी काय संबंध ते त्यालाच माहीत. मग व्हिजन, मिशन, रोडमॅप आणि भारताच्या नकाशावर चहूबाजूंनी सुटलेले बाण. ‘हे तुम्ही वाचू शकताच,’ असं म्हणून साहेब प्रत्येक ओळ स्वतः वाचतात, तेही श्रोत्यांकडे पाठ करून.

आणि श्रोते कोण, तर बागबाजारचे! इथल्या हौशी पोरांनी 1872 च्या डिसेंबरात ‘नीलदर्पण’चा तिकीट लावून प्रयोग केला आणि बंगाली रंगभूमी सर्वांना खुली केली. इथलेच गिरीशचंद्र घोष साहेबी कचेऱ्यांत हिशेबाच्या वह्या लिहीत आणि संध्याकाळी थिएटर हलवून सोडत. पहिल्या प्रयोगाच्या वेळी ते रुसून बाजूला राहिले होते. एवढ्या तुटपुंज्या तयारीवर थिएटरला ‘नॅशनल’ नाव लावून तिकीट घेणं त्यांना पटेना. अशा मोहल्ल्यात दुपारच्या माछभातानंतर दिवे मालवून नुसतं पाठीचं दर्शन देणं म्हणजे धाडसच.

‘सुरुवात गोष्टीने करावी’ असं प्रशिक्षणात सांगितलेलं साहेबांना आठवलं, पण सतराव्या स्लाइडीवर. त्यांनी आग्र्याहून सुटका सुरू केली. पेटारे पहाऱ्याबाहेर पडतात न पडतात तोच कोपऱ्यातले बडोबाबू बोलले, ‘‘आमच्या रवीठाकुरांनी 1904 मध्येच ‘शिवाजी उत्सव’ कविता लिहिली, सर. सखाराम गणेश देउस्करांच्या पुस्तिकेसाठी. देउस्कर तुमचेच, पण लिहायचे बांगलात.’’ साहेबांनी देउस्करांचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि महाराजांना आग्र्याच्या वाटेवर सोडून अठरावी स्लाइड लावली. त्याआधीच्या पिढ्या नागपूरकरांच्या घोडेस्वारांना बर्गी म्हणत आणि त्यांची भीती घालून पोरांना झोपवत, हे बडोबाबूंनी सौजन्याने गाळलं.

मग आला प्रश्नांचा तास, म्हणजे शेवटची दोन मिनिटं. ‘‘मोकळेपणाने विचारा, आपण एक कुटुंब आहोत.’’ मागून एक हात वर झाला. ‘‘दादा, माइने बाडबे तो?’’ पगार वाढणार ना? साहेबांना बांगला येत नव्हतं, तरी प्रश्न लख्ख कळला. ‘‘व्हेरी गुड क्वेश्चन,’’ ते म्हणाले, आणि उत्तर ऑफलाइन घ्यायचं ठरलं.

तेवढ्यात रसगुल्ले आले. नवीनचंद्र दासांनी 1868 च्या सुमारास याच बागबाजारात ते लोकांपुढे ठेवले, तेव्हा पॉइंटर लागला नव्हता. सगळे खडबडून जागे झाले.

दुसऱ्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म फिरला. सगळ्यांनी पाचपैकी पाच गुण दिले. ‘योजनेतला कोणता भाग सर्वांत भावला?’ या रकान्यात बहुतेकांनी ‘शेवटचा’ असं लिहिलं होतं, आणि साहेबांनी पुढच्या शाखेसाठी शेवट आणखी चार स्लाइडींनी वाढवला.