साठचा वेग, वीस मिनिटं

भाऊजींची व्हॅन वर्षभर डोंबिवलीत शाळेची पोरं वाहते. इंजिन पुरतं तापायच्या आत शाळेचं फाटक येतं. आता एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांच्या पोटात डीपीएफ नावाची एक जाळी असते. धुरातली काजळी ती अडवते आणि साठली की सहाशे अंशांच्या आसपास जाळून टाकते. अट एवढीच, की गाडी सलग पळायला हवी. डोंबिवलीत सलग पळतात ते प्रवासी, लोकल पकडायला.

त्यामुळे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक स्कॅनर लावतो, गाडी उभ्या उभ्या तापवून काजळी जाळतो, पैसे घेतो आणि म्हणतो, "साहेब, हायवेला काढा. साठच्या वर, वीस मिनिटं." महिन्याभरात दिवा पुन्हा हजर.

शेवटी भाऊजींनी औषध आणि गणपती यांची सांगड घातली. चिपळूणजवळ आमच्या गावी जायचं, दर्शन होईल आणि डीपीएफही साफ होईल! त्यासाठी त्यांनी निवडला मुंबई-गोवा महामार्ग. चतुर्थीच्या आदल्या दिवशी. ज्या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, त्यावर हा माणूस वीस मिनिटं सलग साठचा वेग शोधायला निघाला होता.

वडखळला पहिला गिअर. कोलाडला पहिला गिअर. माणगावात गिअरच नाही. इंजिन बंद करून सगळे खाली उतरले आणि शेजारच्या गाडीतल्या मंडळींशी सोयरीक जुळेल इतक्या गप्पा झाल्या.

"जावईबापू, तो दिवा कसला हो?" बरोबर आलेल्या आमच्या आत्याने विचारलं.

"काजळी साठलीय, आत्या."

"मग पुसा की!"

कशेडीचा बोगदा ओलांडला आणि पुढे मोकळा, रुंद रस्ता लागला. भाऊजी ताठ बसले. काटा पासष्टवर. मागून करपल्यासारखा वास यायला लागला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की माझ्या ताईशी झालेल्या त्यांच्या लग्नातही तो मी पाहिला नव्हता. जाळी तापली होती! गाडीत कुणी बोलेना. ताईने घड्याळ हातात धरलं. दहा मिनिटं झाली. बारा. चौदा.

"जावईबापू, जरा थांबवा. मला उतरायचंय."

"आत्या, फक्त सहा मिनिटं! मध्येच थांबलं तर काजळी तशीच राहते!"

"अहो, मला डीपीएफ नाही!"

गाडी थांबली. इंजिन बंद झालं तरी पुढचा पंखा रागावल्यासारखा घोंघावत राहिला. पुन्हा सुरू केली तर दिवा लुकलुकायला लागला आणि गाडीने जोरच सोडला. उरलेल्या रस्त्यात आम्हाला रिक्षांनी ओव्हरटेक केलं.

चिपळूणच्या मेकॅनिकने इंजिन ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल खुणेच्या वर चढलेलं. काजळी जाळायला गाडी जादा डिझेल फवारते. काम वारंवार अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. आत्या मात्र खूश. "घातलं त्यापेक्षा जास्त निघालं! बाप्पाची कृपा." त्या कृपेसकट सगळं ऑइल बदलावं लागलं.

परतताना आम्ही कुंभार्ली घाट चढून पाटण-उंब्रजवरून पुणे महामार्गाला लागलो. साताऱ्याच्या आत दिवा गेला. तेव्हा डिझेलवाल्या चाकरमान्यांनो, दिवा लागला असेल तर याच वाटेने गावी या. लांब पडते, पण गाडी पळते. उंब्रजच्या बऱ्याच आधी चहाला थांबा आणि आत्याला तिथेच विचारून घ्या.