सिमेरियाकर

सिमेरियाकरांचं खरं आडनाव वेगळं आहे आणि ते सोसायटीच्या पाटीवर आहे तिथेच बरं आहे. हे दुसरं आम्ही ठेवलं, कारण बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा मुक्काम बहुतेक वेळ सिमेरियातच असतो. हा देश नकाशात शोधायला जाऊ नये. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या आडगावात आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या रॉबर्ट हॉवर्ड नावाच्या तरुणाने तो टाइपरायटरवर वसवला. तिथला कॉनन हा आडदांड गडी डिसेंबर १९३२ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ या स्वस्तातल्या मासिकात पहिल्यांदा अवतरला. एका हातात तलवार, समोर कुणी ना कुणी मांत्रिक, आणि मांत्रिकाच्या तळघरात अजगर नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. या सगळ्या प्रकाराला ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ हे नाव मिळालं ते १९६१ मध्ये, म्हणजे हॉवर्ड जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

ही जमात तुम्हीही पाहिली असेल. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर विम्यात, आयुष्य नाकासमोर. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर देऊन मोकळे होणार, वर ‘बरं बरं’ म्हणणार. आणि त्याच माणसाच्या कपाटात, खालच्या खणात, डांबरगोळ्यांच्या वासात अशी बारा पुस्तकं, की ज्यांत दर पाचव्या पानाला कुणाचं तरी मुंडकं उडतं. तरुणपणी फोर्टातल्या फूटपाथवर घासाघीस करून एकेक जमवलेली. पानं तपकिरी, डिंक सुटलेला, काहींना कसर लागलेली. सगळ्यांना खाकी कव्हरं, कारण बहुतेक मूळ कव्हरांवर फ्रँक फ्राझेटाची चित्रं. त्यांत कॉननच्या अंगावर कपडे बेताचेच, आणि त्याच्या पायाशी बसलेल्या बाईच्या अंगावर त्याहून बेताचे. सिमेरियाकर ही पुस्तकं लंच टाइममध्ये बँकेत वाचत. खाकी कव्हरावर शाईने लिहिलेलं असे ‘परिपत्रके, भाग ३’. एका शाखाधिकाऱ्यांनी म्हणे एकदा तो भाग मागून घेतला आणि आठवडाभर परत केला नाही. बढतीच्या यादीत नाव आलं, तेव्हा सिमेरियाकरांनी त्याचं श्रेय कॉननला दिलं.

त्यांची सगळी नोकरी वसुली खात्यात गेली. हे कळल्याशिवाय त्यांचं वाचन कळायचं नाही. दमदाटी हा त्यांचा पिंडच नव्हे. थकबाकीदाराकडे गेले की चहा घेऊन, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करून परत यायचे आणि मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवायचे. दिवसभर स्मरणपत्रं लिहिलेल्या माणसाला रात्री जो नायक लागतो, तो स्मरणपत्र पाठवणारा नसतो.

दरवर्षी पाऊस लागला की पुनर्वाचन सुरू होतं. आता यात वाचायचं काय उरलं, हा प्रश्न वहिनींनी विचारून झाला. गोष्टी पाठ, शेवट पाठ. पण पुन्हा वाचणारा शेवटासाठी वाचत नाही, तो हिशेब तपासायला बसतो. कॉननच्या कथांत पुढे स्प्रेग डी कँप या लेखकाने बराच हात मारला. त्याने मजकूर दुरुस्त केला, अर्धवट टिपणं पुरी केली, हॉवर्डच्या दुसऱ्याच नायकांच्या कथा उचलून तिथे कॉननला बसवला. पुढे हॉवर्डचा मूळ मजकूरही पुस्तकरूपात येऊ लागला. अमेरिकेतल्या भाच्याने ते खंड पाठवल्यावर सिमेरियाकरांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. समासात लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. ‘हॉ.’ म्हणजे हॉवर्ड, ‘डी.’ म्हणजे अफरातफर.

कॉननची पहिली कथासुद्धा मुळात त्याची नव्हती. हॉवर्डने ती कल नावाच्या दुसऱ्या राजावर लिहिली होती, ती मासिकांकडून साभार परत आली, मग त्याने तिच्यात थोडी जादू घालून राजा बदलला. “नामंजूर झालेला अर्ज, नाव बदलून पुन्हा दाखल,” सिमेरियाकर सांगतात, “आणि या खेपेला मंजूर! आमच्याकडे असं रोज व्हायचं.”

पण त्यांचं रक्त खरं तापतं ते राक्षसांमुळे नव्हे, संपादकामुळे. ‘वीअर्ड टेल्स’ शब्दाला अर्धा-एक सेंट द्यायचं, तेही कथा छापून आल्यावर, आणि मंदीच्या काळात तेसुद्धा वेळेवर नाही. हॉवर्डची मोठी रक्कम अडकून पडली होती, आणि घरी आईचं दुखणं. त्याने पैसे द्या म्हणून संपादकाला विनवणीची पत्रं लिहिली. ११ जून १९३६ रोजी, तिसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. त्याची ‘रेड नेल्स’ ही कॉननकथा पुढच्या महिन्यापासून क्रमशः छापून आली. इथे आले की सिमेरियाकर चष्मा काढतात. “अहो, कॉननला लिहिणाऱ्याने स्मरणपत्रं लिहावीत?” हे ते दर पावसाळ्यात म्हणतात, आणि त्यात विनोद करायला मला आजवर जागा सापडलेली नाही.

त्यांची सर्वांत लाडकी कथा ‘द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल’, १९३४ मधली. ती चक्क आपल्याकडे घडते. देशाचं नाव वेंध्या, राजधानी अयोध्या, उत्तरेला हिमेलियन पर्वत, आणि कॉनन तिकडच्या पहाडी टोळीचा म्होरक्या. सुरुवातीला मंत्रतंत्राने मारला जाणारा राजा आहे भुंडा चंद. इथे सिमेरियाकर दरवेळी पुस्तक पोटावर पालथं ठेवून यथास्थित हसून घेतात. मग त्यांची तक्रार सुरू होते. वेंध्या म्हणजे विंध्य, तर त्याच्या दक्षिणेला आपण असणार. आपल्याला याने घेतलंच नाही! एका पावसाळ्यात त्यांनी वहीत कॉननला नर्मदा उतरवून खाली आणलाही होता, पण तो घाटावर पोचेपर्यंत गणपती आले आणि काम राहून गेलं. गणपतीत ते ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ वाचत नाहीत. तीत मनोऱ्यात कोंडलेला, आंधळा, हत्तीच्या तोंडाचा परग्रहावरचा जीव आहे, आणि चोरी करायला आलेला कॉनन त्याला पाहून आधी घाबरतो आणि मग त्याला त्याची दया येते. माझ्या मते हॉवर्डने याहून चांगलं क्वचितच लिहिलं असेल. सिमेरियाकरांचंही तेच मत आहे, पण ती कथा अनंत चतुर्दशीनंतर.

सगळंच असं गोड नाही. ‘द व्हेल ऑफ लॉस्ट विमेन’ ही कथा हॉवर्डच्या हयातीत छापली गेली नाही, १९६७ मध्ये आली. गोरा नायक, काळ्या टोळ्या, पळवलेली गोरी बाई, आणि लेखकाचा सगळा वर्णद्वेष उघड्यावर. विशीत त्यांनी ती भराभर वाचली होती. आता त्या पानांना त्यांनी स्टेपलर मारलाय. फाडत नाहीत, कारण मूळ दस्तऐवज फाडायचा नसतो.

विशीतलं आणखीही बरंच काही उलटून पडलंय. मायकेल मूरकॉकचा एल्रिक हा राजा अशक्त, पांढराफटक, औषधी वनस्पतींवर नाहीतर आत्मे पिणाऱ्या तलवारीवर जगणारा. तेव्हा सिमेरियाकर त्याला ‘सलाइनवरचा शूर’ म्हणत. आता स्वतःच्या गोळ्यांची सोम ते रवी अशी खण पाडलेली डबी उशाशी आली आहे, आणि एल्रिकबद्दलची भाषा सौम्य झाली आहे. फ्रिट्झ लायबरची फाफर्ड आणि ग्रे माउझर ही चोरांची जोडी मात्र तेव्हाही आवडायची आणि आताही आवडते, कारण ते दोघे सदैव कंगाल असतात आणि मिळालेला खजिना दारूत बुडवतात. “यांना मी कधीच कर्ज मंजूर केलं नसतं,” हे ते फार मायेने म्हणतात.

घरात या प्रकरणाला मान्यता मिळाली ती मात्र सी. एल. मूरमुळे. तलवार चालवणारी जिरेल ही मूरची नायिका ‘वीअर्ड टेल्स’मध्येच १९३४ साली आली. लेखक पुरुष असेल असं पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात ती कॅथरिन मूर, इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला. या कथांचं उत्पन्न बँकेत कळलं आणि तिथल्या कामावरून काढलं तर काय, म्हणून तिने नावाची नुसती आद्याक्षरं छापली. सिमेरियाकरांनी हे विजयी मुद्रेने वहिनींना सांगितलं. वहिनी मेथी निवडत होत्या. “म्हणजे बँकेत बसून ती लिहायची,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही बँकेत बसून वाचायचात. फरक आहे ना, अहो?” पण दुसऱ्या दिवशी जिरेलचा खंड कपाटात नव्हता, आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं होतं.

यंदा सोसायटीने सिमेरियाकरांकडे मेंटेनन्सच्या वसुलीचं काम दिलं. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बऱ्याच दिवसांत एक पैसा भरलेला नाही. “कॉनन असता तर,” सिमेरियाकर मीटिंगमध्ये म्हणाले, आणि सगळे सरसावून बसले. मग त्यांनी खिशातून मसुदा काढला. ‘सस्नेह नमस्कार विनंती विशेष.’ ते गृहस्थ दोन दिवसांनी नोटिशीबद्दल बोलायला खाली आले, टीपॉयवरची ‘परिपत्रके’ सहज उघडली आणि ओरडलेच, “अहो, कॉनन!” कॉलेजात त्यांनीही वाचला होता म्हणे. तासभर बसले, दोन चहा झाले, मेंटेनन्सचा विषय निघाला नाही. जाताना ‘कॉनन द यूजर्पर’ घेऊन गेले, चार दिवसांत आणून देतो म्हणाले.

दिवाळी आली. मेंटेनन्सही आला नाही आणि पुस्तकही नाही. मेंटेनन्ससाठी दुसरं स्मरणपत्र गेलंय. पुस्तकासाठी सिमेरियाकर रात्री साडेदहाला लिफ्टची वाट न बघता चौथ्या मजल्यावर गेले, बेल असताना दार बडवलं, चपला न काढता थेट आतल्या खोलीपर्यंत गेले आणि उशीखालून पुस्तक काढून घेऊन खाली आले. आता सोसायटीत अशी सूचना पुढे आली आहे, की त्या गृहस्थांना आणखी एखादं पुस्तक वाचायला द्यावं आणि त्याच्या खाकी कव्हरात मेंटेनन्सचं बिल ठेवावं. सिमेरियाकर विचार करतो म्हणालेत. मूळ हॉवर्ड मात्र देणार नाहीत, फार तर डी कँप.