लॉन सोडून सगळे उगवते

परतीचा पाऊस एकदाचा सरला की पुण्यातल्या आमच्या सोसायटीत लॉनची काळजी करण्याचा हंगाम सुरू होतो. पावसाळाभर तिकडे कुणी फिरकत नाही, कारण चिखल असतो. आश्विनाचे ऊन तापू लागले की मात्र तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे बागायततज्ज्ञ होतात.

लॉनवर यंदा सगळेच जोमात आले आहे, गवत तेवढे सोडून. लव्हाळा आहे. तुकोबांनी त्याच्या नम्रतेची थोरवी गायली. त्यांच्या दारात लॉन नव्हते. उपटायला जावे तर लव्हाळा निमूटपणे हातात येतो आणि जमिनीखाली राहिलेल्या गाठींतून तितक्याच निमूटपणे पुन्हा फुटतो. कुंपणाला लागून गाजर गवत आहे. भारतात ते पहिल्यांदा नजरेस आले १९५५ च्या सुमारास, तेही पुण्यातच. एरवी कशाचाही पहिला मान सोडायला तयार नसलेल्या आमच्या शहराने याची पाटी मात्र कुठे लावलेली नाही.

लॉन कापताना एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढू नये, असा नियम आहे. तो मी माळीकाकांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि मुंजीतल्या बटूसारखी लॉनची हजामत केली. "आता पिवळं पडंल," असेही तेच म्हणाले आणि शब्दाला जागले. मग समितीने युरिया टाकायला लावला. त्याच संध्याकाळी सरलेला पाऊस विजांसह परत आला. सध्या आमच्या गटाराच्या कडेची हिरवळ पाहण्यासारखी आहे.

"गवतावर चालू नये" ही पाटी अजून उभी आहे. नवरात्रात गरबा तिच्याभोवतीच झाला.

गेल्या दिवाळीत मुलांनी किल्ल्यासाठी याच लॉनमधली माती उकरून नेली. किल्ल्यावर अळीव पेरले, तांब्यातले पाणी हाताने शिंपडले आणि थोड्याच दिवसांत बुरुजापासून पायथ्यापर्यंत सगळे हिरवेगार झाले. तेव्हा यंदा लॉनची देखभाल मुलांकडे सोपवावी, असे मी समितीला लेखी कळवले. प्रस्ताव नामंजूर झाला. कामाला तीन कोटेशने लागतात आणि मुलांकडे जीएसटी क्रमांक नाही.