रेफरी विकला गेलाय!

आमची तालीम आजवर एकही सामना हरलेली नाही. निकाल विरोधात गेलेत, पहिल्या हाफमध्ये तीन-तीन गोल खाल्लेत, टायब्रेकरला पोरांनी बॉल थेट प्रेक्षकांच्या मांडीवर पाठवलाय. पण हरलो म्हणाल तर छे! दर वेळी काहीतरी आडवं आलं. रेफरी विकला गेला होता. लाइन्समनची सासुरवाडी समोरच्या पेठेत निघाली. मैदानावर पाणी जास्त मारलं होतं, नाहीतर मारलंच नव्हतं. ऊन आमच्या गोलकीपरच्या डोळ्यात होतं, आणि हाफटाइमनंतर बाजू बदलली तेव्हा नेमकं ढग आले. कोल्हापुरात सूर्यसुद्धा कुठल्या ना कुठल्या पेठेचा असतो.

तालमीचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर उरलेल्या सगळ्या पेठांत उद्यापासून पेपर बंद, आणि आमच्या पेठेतून मोर्चा येणार की नाव दुसऱ्या परिच्छेदात का, मथळ्यात का नाही म्हणून.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं ऐकून तो विचारतो, ‘तालीम म्हणजे कुस्ती ना? मग फुटबॉल कसा?’ आता याला काय सांगायचं! शाहू महाराजांच्या काळात या गावानं कुस्ती डोक्यावर घेतली, 1912 मध्ये खासबागेचं मैदान झालं, गल्लोगल्ली आखाडे होतेच. पुढं राजघराण्याच्या पाठबळानं फुटबॉल रुजला, 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे आपली केएसए उभी राहिली आणि तालमींनी लंगोटाच्या शेजारी बूट टांगले. त्याच खोलीत गणपती बसतो, कुठं कुठं मोहरमला पंजेही बसतात, आणि थंडी सुरू झाली की फुटबॉल बसतो. पहिले दोन आपापल्या दिवशी उठतात. तिसरा मे महिन्यापर्यंत मानगुटीवरून उठत नाही.

आधी लीग, मग चषक. चषक कुणाच्या नावानं असतात, हा अभ्यासाचा विषय आहे. ज्याच्या नावानं चषक असतो तो माणूस एकतर स्वर्गात असतो किंवा निवडणुकीत. उद्घाटनाला पाहुणा पांढऱ्या कपड्यात मैदानात उतरतो, एक किक मारतो, बॉल चार फूट जातो, फोटो सहा कॉलम जातो. त्या किकेवर आमच्या तात्यांचं मत असं की अशी किक आमच्या स्ट्रायकरनं मारली असती तर त्याला तालमीच्या पायरीवर उभं केलं नसतं. तात्या हे आमच्या पेठेचं फुटबॉलचं विद्यापीठ. स्वतः शेवटचे कधी पळाले ते त्यांनाच आठवत नाही, पण बचाव फळी कुठं उघडी पडली हे ते सामन्याच्या आदल्या दिवशीच सांगतात.

आता आमच्या संघाविषयी. संघ अस्सल मातीतला. फक्त माती थोडी लांबून आणलेली आहे. यंदा पेठेची इज्जत नायजेरियाहून आलेल्या दोन पोरांच्या पायात आहे, मधली फळी गोव्याची आहे आणि गोलकीपर गेल्या हंगामापर्यंत समोरच्या पेठेत होता, तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आम्हीच केला होता. केएसएकडं नोंदणी सुरू झाली की जी पळवापळवी चालते, ती बघून मुलीच्या लग्नाची बोलणी करणाऱ्यांनीही कानाला हात लावावा. नोंदणीच्या आदल्या रात्री एखादा स्ट्रायकर घरी सापडत नाही, मोबाइल बंद, आणि त्याची आई ‘गावाला गेलाय’ एवढंच सांगते. कुठल्या गावाला ते दुसऱ्या दिवशी कळतं. गल्ली ओलांडून.

पण नायजेरियाच्या त्या दोघांतल्या एका पोराला आम्ही जीव लावला हे मान्य करायला हवं. वहिनींनी पहिल्या रविवारी त्याला तांबडा रस्सा वाढला. पहिल्या भुरक्याला त्याच्या कपाळावर घाम, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला त्यानं वाटी पुढं केली. ‘आपलंच पोरगं हाय की ओ,’ वहिनी म्हणाल्या आणि पेठेनं ठरावच करून टाकला. पंधरवड्यात तो ‘चल की भावा’ म्हणून पास मागायला लागला. त्यानं उपांत्य सामन्यात गोल केला तेव्हा त्याला मिरजकर तिकटीपर्यंत खांद्यावर नेला. अंतिम सामन्यात पेनल्टी बाहेर मारली, तेव्हा तात्या पानाची पिंक टाकून म्हणाले, ‘बाहेरचं ते बाहेरचंच.’ पुढच्या वर्षी तो दुसऱ्या पेठेकडून उतरला तर त्याला काय म्हणायचं, हे कट्ट्यावर ठरून आहे. छापण्यासारखं नाही.

या सगळ्या गडबडीत आमच्याच गल्लीतलं एक पोरगं बाकावर बसून असतं. अंगावर नवी जर्सी, बुटाला चिखलाचा ठिपका नाही. त्याची आई अधूनमधून विचारते, ‘आमच्या बाळ्याला कधी घेणार खेळायला?’ आम्ही सांगतो, ‘काकू, औंदा संघ लई तगडा हाय.’

चाहता म्हणून आमची कामं काही कमी नाहीत. वर्गणी काढायची, चौकात तीस फुटी फलक लावायचा, त्यावर खेळाडूंपेक्षा मोठे फोटो मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि युवा नेते यांचे. खेळाडू खाली, पासपोर्ट आकारात, ओळीनं. जिंकलो तर डॉल्बी आणि गुलाल, हरलो (म्हणजे विकलेल्या रेफरीनं हरवलं) तर नुसतीच मीटिंग. फलकाला पैसे जमतात, डॉल्बीला जमतात, जेवणावळीला तर मागावेच लागत नाहीत. पोरांना सरावाला चांगलं मैदान हवं म्हटलं की मात्र सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचतं, त्यात म्हशी डुंबल्या तरी हरकत नाही. आमचा विषय वेगळा आहे. आमचा फलक समोरच्या पेठेच्या फलकापेक्षा दोन फूट उंच हवा.

सामन्याच्या दिवशी दुपारपासून गाव आजारी पडायला लागतं. कुणाची आजी, कुणाची दाढ, कुणाचा पोटशूळ. चारच्या ठोक्याला हे सगळे रुग्ण शाहू स्टेडियमवर ठणठणीत भेटतात. त्यांना रजा देणारा साहेबही दोन ओळी वर टोपी खाली ओढून बसलेला असतो. सामना बघायला मात्र फार थोड्यांना सवड मिळते. आमच्या बाजूची पोरं मैदानाकडं पाठ करून समोरच्या गॅलरीला हातवारे करण्यात गुंतलेली असतात. गोल झाला की पुढच्याला विचारतात, ‘कुणी मारला रं?’ मग बाटल्या सुटतात. एक इकडून, चार तिकडून. पोलीस मैदानाकडं नाही, आमच्याकडं तोंड करून उभे असतात, आणि खरी चुरस कुठं चालली आहे ते त्यांना बरोबर माहीत असतं. बावीस खेळाडूंच्या खेळाला एवढा बंदोबस्त लागतो की बंदोबस्त दुसरीकडं गुंतला तर सामना पुढं ढकलतात. आमच्या प्रेमामुळं आमचाच हंगाम रखडतो, असं प्रेम मजनूलाही जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपर. विजेत्या संघातला एक ‘सामनावीर’, हरलेल्यांतला एक ‘लढवय्या’. ही दुसरी पदवी ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. हरलेल्या पेठेत रात्री शांतपणे झोपता यावं यासाठी यापेक्षा चांगला उपाय पोलीस खात्यालाही सुचला नसता. आमच्या तालमीत लढवय्यांच्या चषकांना आता कपाट पुरत नाही.

दर चार वर्षांनी आमची निष्ठा जागतिक होते. कतारच्या विश्वचषकाच्या वेळी अर्धी पेठ ब्राझीलची, अर्धी अर्जेंटिनाची. ब्राझील क्रोएशियाकडून टायब्रेकरला गेलं आणि आमच्या गल्लीत दोन घरांनी चूल पेटवली नाही. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री मेस्सीनं चषक उचलला तेव्हा कोल्हापुरात जे फटाके उडाले, त्यातले निम्मे अर्जेंटिनासाठी होते, उरलेले ब्राझीलवाल्या शेजाऱ्याच्या खिडकीसाठी. 2026 च्या स्पर्धेत 48 संघांना जागा झाली. त्यात भारत नाही, याबद्दल कट्ट्यावर एक चहा होईपर्यंत हळहळ झाली. चहा संपल्यावर विषय पुन्हा आमच्या राइट-बॅकवर आला.

तसा विश्वचषक आमच्या गावाला अगदीच परका नाही. 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. देशाला त्याचं कौतुक वाटलं. आमच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला, ‘पण तालीम कुठली त्याची?’ त्याचं शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झालं, असं कुणीतरी सांगितलं. तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘ही नवी पेठ कुठली काढली पुण्यात? यांचा संघ लीगमध्ये हाय का?’

असो. या आठवड्यात आम्ही वर्गणीला निघतोय. पावतीपुस्तक तात्यांकडं आहे, पन्नास-शंभर जे द्याल त्याची पावती मिळेल आणि ते पैसे फलकालाच जातील, यात शंका नको. पण ज्यांना जमेल त्यांना एक वेगळी विनंती, तात्यांच्या कानावर जाऊ न देता करतोय. पैसे नकोत, पाच नंबरचा एक बॉल द्या. संध्याकाळी तालमीच्या दारात गल्लीतली बारकी पोरं फाटक्या बॉलवर खेळतात, हवा भरली की तो अर्ध्या तासात बसतो. पावती हवी असेल तर माझ्याकडून घ्या. बॉल थेट बाळ्याच्या हातात द्या. बाकावर बसून असतो, लगेच सापडेल.