अटकेपार, पण कोगनोळीपर्यंत

मराठी माणसाला झेंडे लावायला निमित्त लागत नाही. नातू न्यू जर्सीला गेला, लावले अटकेपार झेंडे. सोसायटीच्या ढोलपथकाला दुबईचे बोलावणे आले, लावले झेंडे. मुळात ते कोणी लावले, असे विचारलेत तर उत्तर एका सुरात येते: राघोबादादांनी!

दादा १७५८ च्या एप्रिलमध्ये लाहोरात शिरले, हे खरे. ४ मे रोजी त्यांनी नानासाहेब पेशव्यांना पत्र धाडले आणि त्यात काबूल-कंदाहारपर्यंतचे बेत मांडले, हेही खरे. पण अटकेकडची पुढची दौड तुकोजी होळकर आणि साबाजी शिंदे यांच्या गळ्यात घालून दादा स्वतः माघारी वळले. लाहोरचा सुभा वर्षाला ७५ लाखांच्या बोलीवर अदीनाबेगाला दिला. तो त्याच वर्षी वारला आणि पुढच्या वर्षी अब्दाली परत आला. पेशव्यांच्या खजिन्यात या मोहिमेतून जमा झाले ते कर्ज. वाक्प्रचार मात्र दादांच्या खात्यावर चढला, तो कायमचा.

बेळगावच्या सीमाप्रश्नातले आमचे पुढारी दादांचे खरे वारस. पत्र आपण लिहायचे, घोडी दुसऱ्याने दामटायची.

६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला जाणार होते. गेले नाहीत. त्याच दिवशी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, कारण ट्रक बिचारे गेले होते! इकडे पुण्यातल्या शूरांनी कर्नाटकाच्या उभ्या बसगाड्यांना काळे फासून हिशेब चुकता केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरने कन्नड बोलावे की मराठी, यावरून बेळगावजवळ हाणामारी झाली आणि दोन्हीकडच्या एसट्या पुन्हा आपापल्या हद्दीत मुकाट उभ्या राहिल्या. १९८६ साली छगन भुजबळ वेषांतर करून बेळगावात शिरले होते. एसटीला दाढी कोण लावणार?

आता समजा, पुण्याच्या एखाद्या कुटुंबाला म्हैसूर जिल्ह्यातल्या बेट्टदपुरला जायचे आहे. डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे देऊळ, चढायला भरपूर पायऱ्या. कोणाच्या अस्मितेला धक्का लागावा असे यात काही नाही. त्याच पिरियापट्टण तालुक्यात बायलकुप्पेला तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. ती माणसे हिमालय ओलांडून तिथे पोचली. पुणेकराने मात्र निपाणीच्या अलीकडे कोगनोळी नाक्यावर काय होईल, ते नाक्यावर गेल्यावरच पाहायचे. कोविडच्या काळात तिथे आरटीपीसीआरचा कागद मागत. दादांना सतलजवर निदान ती कटकट नव्हती. झेंडा घेऊन बेळगावकडे निघालेल्या कोल्हापूरच्या कार्यकर्त्यांची गोष्ट तर आणखी सरळ आहे: ते अटकेपार जात नाहीत, अटकेतच जातात. संध्याकाळी सुटका, सकाळी फोटो.

तोडगा येतोच आहे म्हणा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली. महाराष्ट्राला ते मान्य झाले नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लाहोर पुढच्याच वर्षी गेले. हा दावा तेवढा दुबळा नाही.

तोवर बेट्टदपुरला जाणाऱ्यांनी १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आणि बेळगावचे हिवाळी अधिवेशन टाळून तारीख धरावी, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि गाडीवर झेंडा लावू नये. कोणाचाच.