एक बांध, चार अर्ज

भावकीतलं भांडण कोर्टात कधी एकटं जात नाही. सोबत दोन-चार अर्ज घेऊनच जातं.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुठेही बघा. थोरला दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा टाकतो. धाकटा मागं राहील कसा? तो वाटणीचा दावा टाकतो. तेवढ्यात कुणीतरी फेरफाराला हरकत घेतं. पेरणीच्या तोंडावर रस्ता अडवला, की मामलेदार न्यायालयाच्या 1906 च्या कायद्याखाली तहसीलदारांकडे चौथा अर्ज. जमीन तीच, बांध तोच आणि भाऊही तेच. फक्त वकील वाढतात.

फेरफाराचा जिना तर बघण्यासारखा आहे. मंडळ अधिकारी, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, संभाजीनगरचे आयुक्त, वेळ आलीच तर मंत्रालय आणि मग उच्च न्यायालय. आणि इतकं चढून हाती काय लागतं? फेरफारानं मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयानंच ठरवायची. हे पहिल्या पायरीवर कुणी सांगत नाही असं नाही. सांगतात, पण ऐकायला पक्षकार थांबलेला नसतो.

त्यात हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. जुने कागद उर्दूत, इनाम आणि कुळाचे कायदे हैदराबादचे, वर 1954-55 चं खासरा पत्रक. पणजोबांची सही कुणालाच वाचता येत नाही, आणि तिचा अर्थ मात्र दोन्ही बाजूंना ठाऊक असतो.

एकाच वादाच्या अशा अनेक दाव्यांवर न्यायालयाकडे इलाज आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 10 सांगतं, की त्याच पक्षकारांत तोच मुद्दा आधीच्या दाव्यात असेल, तर नंतरचा दावा चालवायचा नाही. कलम 11 म्हणतं, एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरायचा नाही. दावे एकत्र चालवा असं संहितेत कुठे थेट लिहिलेलं नाही. पण कलम 151 च्या अंगभूत अधिकारात न्यायाधीश ते एकत्र करतात. मग एकच पुरावा, एकच सुनावणी. खर्च वाचतो, आणि एका कोर्टात हो, दुसऱ्यात नाही, अशी फजिती टळते.

पण पक्षकाराचा खरा हिरमोड इथंच होतो. चार तारखा म्हणजे चार आशा. एकीकडे मनाई नाकारली, तर दुसरीकडे ‘जैसे थे’ मिळेल, यावर माणूस उन्हाळे काढतो. सगळं एका गठ्ठ्यात बांधलं, की आशाही एकच उरते. शिवाय कलम 10 मुळे आधी कोणी दाखल केलं याला मोल येतं. त्यामुळे बांधावर शिव्या देऊन झाल्या, की दोघेही वकिलाच्या दिशेनं सुटतात.

खुद्द जिल्ह्याचं नावही कोर्टातून सुटलं नाही. उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्या नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं 8 मे 2024 रोजी फेटाळल्या. तोवर कित्येक दाव्यांच्या पहिल्या पानावर उस्मानाबाद आणि पुढच्या कागदांवर धाराशिव, असं झालं असेल. बांध मात्र जागचा हलला नाही. निदान त्यानं तरी तसं कबूल केलेलं नाही.

एक कामाची गोष्ट सांगतो. राज्यानं 2023 मध्ये सलोखा योजना आणली. एकाच्या जमिनीचा ताबा दुसऱ्याकडे, दुसऱ्याच्या जमिनीचा पहिल्याकडे, आणि असं किमान 12 वर्षं चाललेलं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये, एवढीच सवलतीची रक्कम तिनं ठेवली. तुमचं भांडण तसलं असेल, तर पाचवा अर्ज लिहायला बसण्याआधी तलाठ्याकडे जाऊन योजनेची चौकशी करा. आणि जाताना भावालाही बरोबर न्या, कारण त्या दस्तावर दोघांच्याही सह्या लागतात.